गुडघा, डोळा आणि कान

गेल्या वर्षीच्या वार्षिक सर्वसाधारण सभेला आमचे थोरले चुलते मंडपात माझ्या शेजारी बसले होते. वय ७८. घरात आणि गावात सगळे त्यांना आबा म्हणतात. कारखान्याचे जुने सभासद, शेअरचा दाखला अजून पत्र्याच्या ट्रंकेत घडी न मोडता ठेवलेला. अहवालवाचन झाले, विषयपत्रिकेवरचे विषय एकेक पुढे सरकू लागले. 'मंजूर, मंजूर' म्हणून सगळ्यांनी हात वर केले, आबांनीही केला. पुढच्या विषयाला एका सभासदाने उभे राहून हरकत घेतली, जरा गलका झाला, आणि त्या गलक्यातच आबांनी पुन्हा हात वर केला. मागच्या रांगेतली पोरे फिदीफिदी हसली. एकजण म्हणाला, "म्हाताऱ्याचं डोस्कं गेलं आता."

मला वाईट वाटले ते पोरांच्या हसण्याचे नव्हे. आबांचा थोरला मुलगा, आमचा दादा, तिथेच होता आणि तो मान हलवून मला म्हणाला, "खरं हाय रं. विचारलं एक तर सांगत्यात दुसरं. सोसायटीचं, बँकेचं सगळं मी आता माझ्याकडं घेतलंय. शेअरबी नावावर करून घ्यायचा म्हणतोय, उगं पुढं लफडं नको." ज्या माणसाने दोन एकराच्या कोरडवाहूतून नऊ एकर बागाईत उभी केली, त्याला घरच्यांनी हिशेबातून वजा केले होते. वाईट बुद्धीने नव्हे. त्यांना खरोखरच तसे वाटत होते.

मी शेतकी खात्यात तीस वर्षे काढून निवृत्त झालो. डॉक्टर नाही. पण पुढे जे घडले त्यातून मला ज्या चार गोष्टी समजल्या, त्या आपल्या सभासद बंधुभगिनींपुढे ठेवाव्यात असे वाटले, कारण आज आपल्या गटात असे घर क्वचितच असेल की जिथे सोप्यात एक म्हातारे माणूस बसलेले नाही.

सभेनंतर दीड महिन्याने आबा पडले. रात्री दोनच्या सुमारास लघवीला उठले. थोरल्या आईला जाग आली, तिने आतून हाक दिली, "थांबा वाईच, बत्ती लावते." आबा थांबले नाहीत. मधल्या उंबऱ्याला पाय अडकला आणि परड्याच्या पायरीवर आडवे झाले. उजवे मनगट मोडले. खुब्याचे हाड वाचले ही पांडुरंगाची कृपा म्हणायची.

तालुक्याला नेले. मनगटाला प्लॅस्टर घालून झाल्यावर तिथल्या डॉक्टरांनी दादाला विचारले, "हे पडले कशाने?" दादा म्हणाला, "चक्कर आली." वहिनी म्हणाली, "दिसत नाही त्यांना." थोरली आई म्हणाली, "मी थांबा म्हटलं, ऐकलं न्हाईत." डॉक्टर हसले आणि म्हणाले, "तिघांचंही बरोबर आहे."

मग त्यांनी आबांना तासभर तपासले. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. कानात मळाचा बोळा, आणि तो काढल्यावरही वयोमानाने ऐकू येणे कमी झालेले. दहाबारा वर्षांच्या शुगरमुळे तळपायाची जाणीव बोथट झालेली. डोळे मिटायला लावून अंगठ्याला कापूस लावला तर कळत नव्हते. रक्तदाब झोपवून मोजला आणि उभे करून पुन्हा मोजला, तर वरचा आकडा २५ ने खाली आलेला. (उभे राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत वरचा आकडा २० किंवा जास्त उतरला, तर तो दोष समजतात.) डावा गुडघा झिजलेला. आणि सदऱ्याच्या खिशात झोपेच्या गोळ्यांची एक पट्टी, कुणीतरी पाव्हण्याने 'लई चांगली झोप लागते' म्हणून दिलेली.

डॉक्टरांनी हे सगळे एका कागदावर लिहिले आणि दादापुढे ठेवले. "यातला एकेक आजार घेतला तर एकही यांना पाडायला पुरेसा नव्हता," ते म्हणाले. आणि खरेच आहे. डोळे धड असते तर अंधुक उजेडातही उंबरा दिसला असता. पायाला जाणीव असती तर दिसले नाही तरी बोटाला उंबरा लागला असता. गुडघा चांगला असता तर पाय अडकूनही तोल सावरला असता. कान असते तर थोरल्या आईची हाक ऐकून थांबले असते. गोळी घेतली नसती तर अर्धवट झोपेत उठले नसते. एकाची उणीव दुसरा भरून काढणार, पण त्या रात्री भरून काढायला कोणीच जाग्यावर नव्हता.

आपल्याला हे कळायला अवघड नाही. विहिरीवरची मोटर तीन फेजवर चालते. एक फेज गेला आणि मोटर आधीच चालू असेल तर ती लगेच बंद पडत नाही. गुणगुण करीत, तापत, उरलेल्या फेजवर ओढीत राहते. पाणी कमी पडते, पण पडते. बघणाऱ्याला वाटते, चालू आहे की! आणि मग एका रात्री वाइंडिंग जळते. म्हातारपणाचे शरीर असेच उरलेल्या फेजवर ओढीत असते. गुडघे गेले की माणूस डोळ्यांनी जपून पाऊल टाकतो. ऐकू येईना की समोरच्याच्या ओठांकडे, चेहऱ्याकडे बघून अंदाज बांधतो. दिसेना की हाताने चाचपतो, आवाजावरून माणूस ओळखतो. घरच्यांना वाटते, चालले आहे की. पण डोळा आणि कान दोन्ही एकदम निम्म्यावर आले, तर नुकसान निम्मे होत नाही. ओठ बघून ऐकणाऱ्याला ओठच दिसेनासे होतात.

सभेत आबांचे हेच झाले होते. कर्ण्याचा घुमणारा आवाज त्यांना शब्द म्हणून कळत नव्हता. छापील अहवाल हातात होता, पण तो वाचता येत नव्हता. व्यासपीठावर कोण बोलते हे दिसत नव्हते. मग त्यांनी तिसरा मार्ग धरला. कडेला हालचाल जाणवली की आपणही हात वर करायचा. डोके गेलेल्या माणसाला हे सुचत नाही.

बाहेरच्या देशांत या गोष्टीचा पुष्कळ अभ्यास झालेला आहे. अमेरिकेत येल विद्यापीठाच्या मेरी टिनेटी या डॉक्टरीणबाईंनी १९८८ साली एक निष्कर्ष प्रसिद्ध केला. आपापल्या घरी राहणारी, पंचाहत्तर आणि त्यापुढच्या वयाची ३३६ माणसे त्यांनी वर्षभर डोळ्यांखाली ठेवली. झोपेच्या गोळ्या, पायातला अशक्तपणा, पावलांचे दुखणे, तोल, स्मृती अशा दोषांची प्रत्येकाची मोजदाद केली. ज्यांच्यात एकही दोष नव्हता त्यांच्यात पडण्याचे प्रमाण शेकडा ८ निघाले. ज्यांच्यात चार किंवा अधिक दोष होते त्यांच्यात शेकडा ७८. आणि सगळ्यांत वाईट ठरली ती झोपेची गोळी. हे वाचल्यावर मी आमच्या घरातली सगळी कपाटे तपासली, हे वेगळे सांगायला नको.

आपल्या देशातही ४५ वर्षांवरील ७२ हजारांहून अधिक लोकांची पाहणी २०१७-१८ मध्ये झाली आणि तिचा अहवाल जानेवारी २०२१ मध्ये आला. त्यात साठीच्या पुढच्या शंभरातील ७५ जणांना कोणता ना कोणता जुनाट आजार, आणि ४० जणांना काही ना काही अपंगत्व असल्याचे दिसले. म्हणजे आबा हे काही जगावेगळे प्रकरण नाही.

आजाराचे नाव आणि आजाराने अडलेले काम या दोन निराळ्या गोष्टी आहेत. दवाखान्यात आपण नावे सांगतो: शुगर आहे, बीपी आहे, गुडघे आहेत. पण म्हाताऱ्या माणसाला स्वतःला हवे असते ते इतकेच की सकाळी आपले आपण उठता यावे, परसाकडे जाता यावे, अंघोळ करता यावी, चार घास खाता यावेत. सिडनी कॅट्झ नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी १९६३ साली अशी सहा कामे ठरवून दिली: अंघोळ, कपडे घालणे, शौचाला जाणे, अंथरुणातून उठून बसणे, लघवी-शौचावर ताबा, आणि हाताने जेवणे. त्यांच्या ध्यानात असे आले की ही कामे बहुधा ठराविक क्रमाने हातची जातात. अंघोळ सर्वांत आधी, जेवण सर्वांत शेवटी. लहान मूल ज्या क्रमाने शिकते त्याच्या बरोबर उलट. म्हणून घरातले म्हातारे माणूस 'आज नको अंघोळ, गारठा हाय' असे आठवड्यातून चारदा म्हणू लागले, तर त्याला आळशी समजू नये. न्हाणीत वाकायला, ओल्या फरशीवर उभे राहायला, डोळ्याला साबण लागल्यावर तोल सांभाळायला ते भीत असते. विचारले तर सांगणार नाही. गारठ्याचेच नाव पुढे करील.

यानंतर १९६९ मध्ये लॉटन आणि ब्रॉडी या दोघांनी आणखी वरच्या कामांची यादी केली. तीत टेलिफोन करणे, बाजार, प्रवास, औषधे घेणे, पैशाचा व्यवहार, स्वयंपाक, कपडे धुणे ही कामे आहेत. गंमत म्हणजे पुरुषांना स्वयंपाकाचे आणि धुण्याचे गुण मोजायचे नाहीत असे त्या काळी त्यांनीही ठरवले होते. आमच्या गड्यांना भाकरी थापता येत नाही ती काही म्हातारपणामुळे नव्हे, हे तिकडेही माहीत होते तर! आपल्या भागासाठी अशी यादी करायची तर मी त्यात वजनाची पावती वाचणे, ऊस बिलातून किती कपात झाली ते समजणे, सोसायटीत जाऊन अंगठा-सही करणे, पाण्याची पाळी लक्षात ठेवणे, वैरण टाकणे आणि नातवाला शाळेच्या गाडीपर्यंत सोडणे ही कामे घालीन. यातले एकेक काम कधी सुटले आणि का सुटले, याची नोंद घरातल्या कोणीतरी मनात ठेवली पाहिजे. आबांचे पहिले सुटलेले काम म्हणजे पावती वाचणे. ते सुटले तेव्हा दादाने ती हातातून घेतली आणि मोठ्याने वाचून दाखवली. ऐकू आले नाही म्हणून आबांनी पुन्हा विचारले. तिसऱ्यांदा विचारले तेव्हा दादा वैतागला. चौथ्यांदा आबांनी विचारलेच नाही. मग दादा म्हणू लागला, "आबांचं आता लक्षच न्हाई कशात."

इथे मला थोडे थांबून सांगावेसे वाटते. म्हाताऱ्या माणसाची स्मृती खरोखरच जाते, तो आजार वेगळा आहे आणि तो खोटा नाही. रोजची वाट चुकणे, जेवलेले विसरणे, ओळखीच्या माणसाला परके समजणे, असे झाले तर तपासणी करून घेतलीच पाहिजे. मन उदास होऊनही माणूस गप्प बसतो, तेही बघितले पाहिजे. पण तपासणीच्या आधी कान साफ आणि डोळ्याला चष्मा हवा. ज्याला प्रश्नच ऐकू आला नाही त्याने चुकीचे उत्तर दिले, तर ती परीक्षा स्मृतीची झाली की कानाची? आबांच्या कानातला मळ काढल्यावर डॉक्टरांनी त्यांना मोठ्याने, समोर बसून तीन शब्द सांगितले आणि पाच मिनिटांनी विचारले. आबांनी तिन्ही सांगितले आणि वर म्हणाले, "ह्यात काय हाय? मला बाहत्तर सालच्या दुष्काळात कुणी किती वैरण दिली ते बी सांगता येतंय." दादा खाली बघत होता.

उलट बाजूनेही संबंध आहेच. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञमंडळाने २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाला हातभार लावणाऱ्या, पण टाळता येण्याजोग्या १४ गोष्टी दिल्या. त्यात ऐकू न येणे आधीपासून होते, न सुधारलेली नजर त्या वर्षी नव्याने घातली. कान आणि डोळे बंद झाले की माणसाशी कोणी बोलत नाही, आणि बोलणे थांबले की डोक्याला कामच राहत नाही.

घरातल्या बायामाणसांविषयी लिहायचे तर जरा संकोच वाटतो, पण लिहितो, कारण त्या स्वतः कधीच सांगणार नाहीत. थोरली आई ७२ वर्षांची. आयुष्यभर भांगलण, पाण्याची घागर डोक्यावर, चुलीपुढे बसणे. दोन्ही गुडघे गेलेले. तिने गेल्या तीन वर्षांत एकाही लग्नाला हजेरी लावली नाही, एकादशीला देवळात भजनाला जाणे सोडले. आम्ही समजलो गुडघ्यामुळे. आबांच्या निमित्ताने दवाखान्यात गेली तेव्हा तिथल्या नर्सबाईंनी बाजूला घेऊन विचारले, तेव्हा खरे बाहेर आले. लघवी धरवत नाही. खोकली, शिंकली तरी थेंब जातो. गुडघ्यामुळे चटकन उठता येत नाही, आणि उठेपर्यंत लुगडे ओले होते. एकटा गुडघा असता तर सावकाश गेली असती. एकटा लघवीचा त्रास असता तर झटकन गेली असती. दोन्ही मिळून तिला घराच्या चार भिंतींत बसवले होते. बरे, यावर तिने शोधलेला उपाय काय? पाणी पिणेच कमी केले. त्याने बद्धकोष्ठ झाले, उन्हाळ्यात घेरी येऊ लागली, आणि लघवीला आग होऊ लागली ती वेगळीच.

हा त्रास आपल्या घराघरात आहे. कित्येक जणींचे अंग बाहेर येते आणि त्या वर्षानुवर्षे फडके लावून कामे करतात. यावर उपचार आहेत. सगळेच ऑपरेशन नव्हे. ओटीपोटाच्या स्नायूंचा व्यायाम शिकवतात, मागच्या दारी खुर्चीसारखे उंच संडासाचे भांडे बसवले तरी निम्मे काम होते. थोरल्या आईसाठी दादाने ते आठवड्यात बसवून घेतले. खर्च किती आला विचाराल, तर उसाच्या एका टनाच्या आसपास. तीन वर्षे ती बाई घरात बसली होती.

आता गोळ्यांचे. आबांच्या पिशवीत तीन डॉक्टरांच्या गोळ्या निघाल्या. शुगरचे एक, गुडघ्याचे दुसरे, आणि गावातले तिसरे. एकाला दुसऱ्याची खबर नाही. दोन निराळ्या नावांच्या पट्ट्या निघाल्या, पण आतले औषध एकच, म्हणजे रोज दुप्पट डोस चालला होता. रक्तदाबाची आणि लघवी जास्त करणारी गोळी ते रात्री झोपताना घेत होते, मग रात्री तीनदा उठणे आलेच. गुडघेदुखीच्या गोळीने रक्तदाब चढतो आणि मूत्रपिंडाला इजा होते, विशेषतः लघवीच्या गोळीबरोबर. म्हणजे एकाने चढवायचे आणि दुसऱ्याने उतरवायचे. शिवाय दिसत नसल्यामुळे पांढरी गोळी कोणती आणि पिवळट कोणती याचा घोळ. ऐकू येत नसल्यामुळे 'जेवणाआधी' हे 'जेवणानंतर' झालेले. शुगरची गोळी घेऊन न जेवता वैरणीला गेले की घाम फुटून हातपाय कापायचे, आणि आबा म्हणायचे, "पित्त झालं."

म्हणून सभासदांना एक विनंती. घरातल्या वडीलधाऱ्यांच्या सगळ्या गोळ्या, चूर्णे, तेले, काढे, पाव्हण्यांनी दिलेल्या पट्ट्या, आणि नाव नसलेल्या पुडीतल्या गोळ्यासुद्धा एका पिशवीत घालून एकाच डॉक्टरांपुढे ओता आणि विचारा, यातले खरोखर लागते काय? आपल्या मनाने मात्र काही बंद करू नका. झोपेची गोळीसुद्धा बरेच दिवस घेतलेली असेल तर एकदम तोडून चालत नाही, सावकाश कमी करावी लागते. आबांच्या अकरा गोळ्या सहावर आल्या आणि लघवीची गोळी सकाळी गेली.

घर तपासणे हे तर बिनखर्चाचे आहे. संध्याकाळी दिवे घालवून, म्हाताऱ्या माणसाच्या अंथरुणापासून संडासापर्यंत आपण स्वतः चालून बघावे. आमच्या घरात एवढ्या वाटेत दोन उंबरे, एक पायरी, एक वायर आणि एक म्हशीची दावण लागली. जुन्या शेणाने सारवलेल्या भुईवर पाय घसरत नव्हता. बिले आल्यावर आपण चकचकीत फरश्या बसवल्या आणि त्यावर पाणी सांडले की तरणे गडीही आपटतात. दादाने उंबऱ्यांना पिवळ्या रंगाचा पट्टा मारला, वाटेत रात्रभर जळणारा छोटा दिवा लावला, न्हाणीत हाताला धरायला लोखंडी नळी बसवली. स्लिपर काढून मागे पट्टा असलेली चप्पल आणली. शुगरवाल्यांनी आणखी एक जपावे: पायाला जाणीव नसेल तर अंघोळीच्या पाण्याचा चटका कळत नाही, शेकोटीने तळवे भाजले तरी कळत नाहीत. पाणी दुसऱ्या कोणीतरी कोपराने बघून द्यावे, आणि रात्री पायाचे तळवे घरच्यांनी उजेडात बघावेत. ज्याला कमी दिसते आणि जाणवतही नाही, त्याला स्वतःच्या पायाची जखम महिनाभर कळत नाही.

काठीबद्दल तर सगळेच चुकतात. हात सैल सोडून उभे राहिल्यावर मनगटाच्या घडीपर्यंत काठीची उंची यावी. आणि दुखरा गुडघा डावा असेल तर काठी उजव्या हातात धरावी, डाव्या नव्हे. आबांचे उजवे मनगट प्लॅस्टरमध्ये असल्यामुळे दोन महिने काठी धरताच येईना, आणि त्या दोन महिन्यांत बसून बसून मांड्या जितक्या वाळल्या तितक्या आधीच्या पाच वर्षांत वाळल्या नव्हत्या. कवळी नीट बसत नसल्यामुळे नुसत्या कण्या आणि चहा यावर राहत होते, त्याचाही परिणाम. मग वहिनीने दूध, अंडी, मुगाचे वरण, भिजवलेली भाकरी असे सुरू केले आणि दिवसातून तीन वेळा खुर्चीवरून उठ-बस करायला लावली.

उठ-बस हीच एक परीक्षाही आहे. जागतिक आरोग्य संघटनेने म्हाताऱ्या माणसांसाठी ज्या साध्या चाचण्या सांगितल्या आहेत त्यांत ती आहे. हात छातीशी घडी घालून खुर्चीवरून पाच वेळा उठून बसायचे. १४ सेकंदांपेक्षा जास्त लागले, तर पायातले बळ तपासायला हवे. मागे उभे राहून कुजबुजत शब्द बोलावेत, ऐकू येतात का बघावे. गेल्या तीन महिन्यांत तीन किलोंवर वजन उतरले का विचारावे. तीन शब्द सांगून थोड्या वेळाने विचारावेत. वाचताना, लांबचे बघताना त्रास होतो का, आणि दोन आठवड्यांत मन उदास, कशात गोडी नाही असे झाले का, हेही त्यात आहे. घरचे शिकलेले नातवंड दहा मिनिटांत हे सगळे करील. एकाहून अधिक ठिकाणी अडले, तर मात्र 'वय झालं, चालायचंच' म्हणून सोडू नये. आणि दुरुस्त काय आधी करायचे? जे लवकर आणि थोडक्यात होते ते. कानातला मळ, चष्मा, मोतीबिंदू, नको त्या गोळ्या. झिजलेला गुडघा पुन्हा नवा होत नाही, पण डोळे आले की त्याच गुडघ्यावर माणूस चालू लागतो.

सरकारी मदतीचेही सांगून टाकतो. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया अंधत्व नियंत्रणाच्या राष्ट्रीय कार्यक्रमातून विनामूल्य होते. हा कार्यक्रम १९७६ पासूनचा आहे. सत्तरीपुढील सर्वांसाठी, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्ड ऑक्टोबर २०२४ पासून मिळू लागले. राज्य सरकारने २०२४ मध्ये मुख्यमंत्री वयोश्री योजना आणली, तीत ६५ वर्षांवरील गरजू माणसांना चष्मा, श्रवणयंत्र, काठी, कमोड खुर्ची अशा वस्तूंसाठी एकदा ३ हजार रुपये ठेवलेले आहेत. ऐकू न येणे आणि न दिसणे दोन्ही एकत्र असतील, तर २०१६ च्या अपंग हक्क कायद्यात त्याची बहुअपंगत्वात गणना होते, हे पुष्कळांना माहीत नसते. ज्येष्ठांसाठी १४५६७ हा टेलिफोनही आहे.

आबांचा एक डोळा डिसेंबरात झाला, दुसरा फेब्रुवारीत. पहिली पट्टी सुटली त्या दिवशी घरी येताना त्यांनी गाडी थांबवायला लावली आणि रस्त्याकडेच्या आमच्या खोडव्याकडे बघत दादाला म्हणाले, "तुटाळी किती पडल्यात रं ह्यात! नांग्या भरल्या न्हाईस?" दादा काही बोलला नाही. घरी आल्यावर त्याने गेल्या हंगामातल्या सगळ्या पावत्या आणि बिले आबांच्या पुढ्यात आणून ठेवली. आबांनी चष्मा लावून दोन दिवस ती तपासली. एका खेपेचे वजन दोनदा मांडले गेले होते आणि एका खेपेचे अजिबात नव्हते, एवढे त्यांनी शोधून काढले. हिशेब शेवटी सारखाच आला, पण ती चूक दादाच्या लक्षात आली नव्हती. शेअर नावावर करण्याचा विषय नंतर घरात निघाला नाही. वारसाची नोंद मात्र आबांनी स्वतः गट ऑफिसात जाऊन केली, दोन्ही मुलांची आणि लेकीचीही.

सगळे सुधारले असे नाही. गुडघा आहे तसाच आहे. उजव्या हाताची मूठ अजून पुरती वळत नाही. पायाची जाणीव परत आलेली नाही आणि डॉक्टर म्हणतात येणारही नाही. रात्रीच्या पाळीला मोटर चालू करायला त्यांना जाऊ देत नाही, म्हणून रोज एकदा भांडण होते. श्रवणयंत्राने चार माणसांत बोलणे चांगले ऐकू येते, पण कर्णा सुरू झाला की ते शिट्टी मारते आणि आबा ते काढून खिशात ठेवतात. यंदाच्या सभेला पहिल्या रांगेत बसायचे, अहवाल आठ दिवस आधी घरी आणून वाचायचा, आणि विषय क्रमांक सहावर आपल्याला दोन शब्द बोलायचे आहेत, असे त्यांनी मला आत्ताच सांगून ठेवले आहे.